झुंजारचे अकरा

गुणतक्त्यात तळाला असलेल्या संघाशी झुंजार फुटबॉल क्लबची मॅच बरोबरीत सुटली आणि मैदानाच्या गेटपाशी जमलेली माणसं हलेनात. खासबागची होती, पिरनवाडीची होती, उद्यमबागेतून पाळी संपवून तसेच आलेले कामगार होते. एरवी शेवटची शिट्टी झाली की मोटारसायकलींना किक बसायची. आज गाड्या स्टँडवरच राहिल्या.

सगळ्यांत पुढं मष्णू होता. तो एका फाउंड्रीत कामाला होता. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवायची सवय, त्यामुळं घोषणा द्यायची वेळ आली की सगळे त्यालाच पुढं ढकलायचे.

"आमची पोरं कुठं हायत?" तो ओरडला.

"बाकावर!" गर्दीनं उत्तर दिलं.

"आणि खेळायलंय कोण?"

"भाड्याचे!"

हे दोन वर्षांपासून साचत आलं होतं. त्याआधी झुंजारचे अकराच्या अकरा खेळाडू इथल्याच गल्ल्यांतले असायचे. मग निपाणीच्या व्यापारी घराण्यातले धरणेंद्र अण्णा क्लबचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी बाहेरून खेळाडू आणायला सुरुवात केली. कुणी गोव्याचा, कुणी केरळचा, कुणी मिझोरामचा. गेल्या वर्षी संघ फायनलपर्यंत गेला, तेव्हा कुणी काही बोललं नाही. यंदा गोल होईनात, आणि मैदानावर आपले म्हणावेत असे चारच चेहरे उरले. बाकावर बसलेल्यांत मष्णूचा धाकटा भाऊ स्वरूपही होता. लेफ्ट बॅकची त्याची जागा रुआता नावाच्या मिझो खेळाडूनं घेतली होती. आपण भावासाठी ओरडत नाही, क्लबसाठी ओरडतो, असं मष्णू स्वतःला बजावायचा. लोक मात्र दोन्ही एकच धरायचे.

गोव्याहून आणलेले कोच स्कूटर घेऊन बाहेर आले तशी घोषणा थांबली आणि ढकलाढकली सुरू झाली. कुणीतरी त्यांच्या खांद्याची बॅग ओढली. स्कूटर कलंडली, कोच तिच्यासकट खाली आले. कोपर खरचटून रक्त आलं. मागून कुणीतरी हसलं.

मष्णूनं हात देऊन त्यांना उठवलं. कोचनी त्याच्याकडं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते निघून गेले.

*

धरणेंद्र अण्णांनी समर्थकांना क्लबच्या खोलीत बोलावलं. खोली व्यायामशाळेच्या वर होती. माणसं जिन्यापर्यंत उभी राहिली. पोलिसांत तक्रार झाली असणार, असा सगळ्यांचा अंदाज होता, त्यामुळं जो तो दुसऱ्याच्या मागं उभा राहायला बघत होता.

"बसा," अण्णा म्हणाले. "चहा सांगितलाय. आधी काय शिव्या द्यायच्या त्या द्या, म्हणजे चहा गरम पिता येईल."

कुणी हसलं नाही. मग अंबुबाई उठल्या. खासबागच्या बाजारात त्यांचा भाजीचा गाळा होता. त्यांचा नवरा भावकू एकेकाळी झुंजारचा गोलकीपर होता. तो गेल्यावरही त्यांनी मॅच चुकवली नव्हती.

"अण्णा, त्या डेन्झिलला कुणी बघून आणला?"

डेन्झिल म्हणजे गोव्याचा सेंटर फॉरवर्ड. यंदा सगळ्यांत गाजावाजा करून आणलेला.

"एजंटनं व्हिडिओ पाठवलता. मी बघितला."

"व्हिडिओत सगळेच गोल मारतात. लग्नाच्या फोटोत सगळेच देखणे दिसतात, तसं हाय ते."

आता मात्र हशा पिकला. अण्णाही ओठांत हसले. मष्णूला तेवढाच धीर आला.

"अण्णा, दोन वर्षांत आपल्या ज्युनिअर टीममधनं एकबी पोरगा वर आला न्हाय. घ्यायचंच नव्हतं तर ती टीम ठेवली कशाला? बाहेरचा घ्या, पण घेताना कुठला खेळाडू पायजे, का पायजे, ह्याचा काय विचार? जो मिळंल तो आणायलाय तुमी."

"खरं हाय," अण्णा म्हणाले.

मष्णूला वाद घालायचा होता. समोरचा एकदम खरं म्हणाला तेव्हा त्याला पुढचं वाक्यच सुचेना.

"खरं हाय," अण्णा पुन्हा म्हणाले. "चुकलं माझं. फायनल हरलो तेव्हा तुमीच म्हणालता, फॉरवर्ड आणा, कुठलाबी आणा. मी आणला. आता मी विचारतो. ज्युनिअरच्या मॅचला तुमच्यातलं कोण आलतं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. अंबुबाई तेवढ्या म्हणाल्या, "सकाळी माझा बाजार असतोय."

"साकु," अण्णांनी कानडीत विषय तोडला. "पुरे आता. कोच गेला. कशानं गेला ते तुमाला म्हाईत हाय. रविवारी निपाणीशी सेमीफायनल हाय. ज्युनिअर टीमचे मारुतीराव सराव घ्यायला तयार झालेत, पण टीम निवडणार न्हाय म्हणतात. गेटवर कोण मार खाणार? मग मष्णू, तूच निवड."

खोलीत कुजबुज झाली. निपाणी हे अण्णांचं गाव. हरल्यावर खापर आपल्या माणसांवर फोडायला ते मष्णूला पुढं करतायत, असं जिन्यावरून कुणीतरी बोललंही.

"चेष्टा करताय व्हय, अण्णा?"

"न्हाय. अकरा कोण, बदली कोण, सगळं तू सांगायचं. मी मधी तोंड घालणार न्हाय. पण सगळ्यांसमोर निवडायचं आणि सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. मी देतोय तसं."

मष्णूनं मागं वळून बघितलं. सगळ्या माना हलत होत्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो "व्हय" म्हणाला.

घरी स्वरूपनं ते ऐकून त्याला मिठीच मारली. मष्णूची बायको नीलम भाकरी थापत होती. स्वरूप बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "घरातलाच खेळाडू असताना तुमी कशाला व्हय म्हणालाय?"

"घरातला हाय म्हणून कुणी त्याला डावलू नये."

"आणि तुमालाच डावलायची पाळी आली तर?"

"न्हाय येणार," मष्णू म्हणाला.

*

कामावर जायच्या आधी तो रोज सकाळी सरावाला जाऊ लागला. आयुष्यभर त्यानं खेळ पायरीवर बसून बघितला होता. आता तो रेषेला लागून उभा होता, आणि इथून खेळ वेगळाच दिसत होता. चेंडू येण्याआधी कोण काय करतोय, तेही दिसत होतं.

डेन्झिलचं त्याला पहिल्याच दिवशी कळलं. चेंडू पायाशी आला तरच तो खेळायचा. त्याच्यापेक्षा विनय हा खासबागचा फॉरवर्ड अंगानं बारीक, पण गेलेल्या चेंडूमागंही धावायचा. ती निवड सोपी होती.

मग तो डावीकडं बघायला लागला.

स्वरूपची घसरून केलेली टॅकल ही झुंजारच्या मैदानावरची मोठी गंमत होती. विंगर निसटून निघालाय, आता गोल होणार, आणि कुठूनसा स्वरूप येऊन चेंडू काढून घेतो. पायरीवर माणसं उभी राहायची. मष्णूनं कितीदा तरी घसा बसेपर्यंत आरोळी दिली होती. रेषेवरून त्याला दिसलं, की स्वरूप चेंडूकडंच बघत राहतो, वळायला उशीर करतो आणि माणूस निसटतो. म्हणून त्याला घसरावं लागतं. वेग होता म्हणून बऱ्याचदा निभावून जायचं. पण नेहमी नाही.

रुआताला घसरावंच लागायचं नाही. तो आधीच तिथं असायचा. ते इतकं साधं दिसायचं, की त्याला टाळी मिळत नव्हती यात नवल नव्हतं.

मष्णूला वाटलं, आपल्यालाच काहीतरी चुकीचं दिसतंय. दुसऱ्या दिवशी त्यानं दोघांच्या बाजू बदलायला सांगितल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत चपळ पोरगा आलटून पालटून दोघांसमोर उभा केला. दिसायचं ते बदललं नाही. मारुतीराव सगळं बघत होते. मष्णूनं त्यांना विचारलं नाही, कारण काय उत्तर येणार ते त्याला माहीत होतं.

फाउंड्रीत जेवणाच्या सुट्टीत पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. "दहा आपले घ्यायचे, मष्णूदादा. गोलकीपर तेवढा त्यांचा राहू दे." "स्वरूप तर कॅप्टनच पायजे." त्याच्या फोनवर दिवसभर हेच मेसेज. तो कुणाला नाही म्हणाला नाही.

संध्याकाळी घरी जाताना तो अंबुबाईंच्या गाळ्याशी थांबला.

"आक्का, मला एक सांगा. डोळ्याला एक दिसतंय आणि माणसं दुसरंच मागतायत. काय करायचं?"

अंबुबाईंनी मेथीच्या जुड्यांवर पाणी मारलं. "स्वरूपचं व्हय?"

त्यानं मान डोलावली.

"मला इचारू नको," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं कुणी मला इचारलं असतं, तर मीबी सांगितलं असतं, घ्या म्हणून. आपल्या माणसाचं म्हटल्यावर बाई असंच सांगती. तुला निवडायला लावलंय. तू निवड."

*

शुक्रवारी तो घरी आला तेव्हा स्वरूप ओसरीवर बसून बूट पुसत होता. मष्णूनं चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच बोलला. बसलो तर बोलवणार नाही, असं त्याला वाटलं.

"स्वरूप, रविवारी रुआता खेळणार. तू बाकावर."

स्वरूप हसला. मग भावाचं तोंड बघून थांबला.

"कुणाला भ्यालास?"

"कुणाला न्हाय."

"मग माणसं म्हणतील भावाला घेतला, म्हणून? तुझं नाव चांगलं ऱ्हावं म्हणून मला बाहेर काढायलास?"

"तेबी विचारलं मी स्वतःला. लई वेळा विचारलं. तसं न्हाय ते. तू उशिरा वळतोस, स्वरूप. तुझ्या पाठीमागनं माणूस जातोय. निपाणीचा तो उजवीकडचा विंगर वाऱ्यासारखा हाय. तुला चार दिवस बघून..."

"चार दिवस?" स्वरूप उठला. "आणि दोन वर्षं काय बघत होतास? माझ्यावर अन्याय झालाय म्हणून गल्लीभर सांगत सुटलास. माझ्या नावानं गेटवर माणसं गोळा केलीस. मी सांगितलतं तुला, ओरड म्हणून?"

"न्हाय."

"कोच मला सांगायचे, तुझं वळणं सुधार. मी ऐकायचो न्हाय. मला वाटायचं, एवढी माणसं म्हणतायत, माझा दादा म्हणतोय, तर मी असणारच चांगला. ह्यांनाच कळत नसंल. आणि आता तूच सांगायलास."

नीलम दारात येऊन उभी राहिली होती. मष्णूला म्हणायचं होतं की मला तेव्हा खरंच तसं दिसत होतं. पण त्यानं कुणाचं समाधान होणार होतं?

स्वरूपनं बूट पिशवीत कोंबले. "पिरनवाडीला भरमाकडं जातो," तो नीलमला म्हणाला. मष्णूला नाही. भरमा झुंजारचा कॅप्टन आणि त्याचा जुना दोस्त.

"रविवारी येणार न्हाईस?" मष्णूनं विचारलं.

स्वरूप पिशवी उचलून बाहेर पडला.

*

पण तो आला. रविवारी दुपारी झुंजारचे खेळाडू मैदानात उतरले तेव्हा स्वरूप बदली खेळाडूंच्या बाकावर शेवटच्या टोकाला बसला होता. मष्णू मारुतीरावांशेजारी उभा होता. भावानं एकदाही त्याच्याकडं मान वळवली नाही.

पायऱ्या भरून गेल्या होत्या. निपाणीहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. डेन्झिल बाकावर आणि विनय मैदानात, हे दिसलं तशी झुंजारच्या बाजूनं आरोळी उठली. मग डाव्या बाजूला रुआता जाऊन उभा राहिला.

आरोळी मधेच तुटली.

"मष्ण्या, काय हे?"

"घरभेद्या!"

"अण्णानं विकत घेतला ह्यालाबी!"

आवाज सगळे ओळखीचे होते. एक तर त्याच्याच भट्टीवरचा होता. त्यानं मागं बघायचं टाळलं.

पहिल्या हाफमध्ये विनयनं गोल केला. गोलकीपरच्या हातून निसटलेल्या चेंडूवर तो एकटाच धावला होता. तेवढा वेळ सगळं विसरलं गेलं, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मष्णूनं मूठ आवळली आणि लगेच सोडली. अजून बराच खेळ बाकी होता.

दुसऱ्या हाफमध्ये निपाणीनं सगळा मारा त्यांच्या उजवीकडून सुरू केला. तो विंगर खरंच वाऱ्यासारखा होता, आणि दर वेळी रुआता त्याच्यासमोर उभा होता. मग एकदा रुआताचा पाय सरकला. विंगर निसटला, त्याचा फटका खांबाला लागून बाहेर गेला. गोल झाला नाही. पण रुआता उठला तो पोटरी धरून.

"स्वरूप! स्वरूप!"

आधी चार-दोन आवाज, मग सगळी पायरी. टाळ्यांच्या ठेक्यावर. रुआताच्या पायाशी चेंडू आला की "हूऽऽऽ" अशी हुर्यो, आणि चेंडू गेला की पुन्हा "स्वरूप! स्वरूप!" त्याला मराठी फारसं कळत नव्हतं, पण हे कळायला भाषा लागत नव्हती. एकदा त्यानं साधा पास रेषेबाहेर मारला. त्याचा चेहरा उतरला होता.

मारुतीराव मष्णूकडं वळले. "काय करू? बदलू?"

"पोटरी किती दुखतीया विचारा त्याला."

मारुतीरावांनी हातवारे करून विचारलं. रुआतानं लांबूनच अंगठा वर केला. "ठीक है, भैया."

"बदलायचं न्हाय," मष्णू म्हणाला.

"माणसं मैदानात उतरतील, मष्णू."

"उतरू देत. बदलायचं न्हाय."

तेवढ्यात स्वरूप बाकावरून उठला. तो निघून चाललाय, असं मष्णूला वाटलं. पण स्वरूप फाटकाकडं गेला नाही. तो सरळ पायऱ्यांसमोरच्या कठड्यापाशी गेला. त्याला येताना बघून आरडाओरडा दुप्पट झाला. त्यानं दोन्ही हात वर केले.

"गप बसा!"

पुढच्या रांगा गोंधळून थांबल्या.

"गप बसा म्हणतोय! पोटरी धरलीया त्याची, तरी पळायलाय तो. कुणासाठी पळायलाय? तुमच्यासाठीच न्हवं? माझं नाव घेऊन त्याला हुर्यो घालायची न्हाय. मला खेळायचं असंल तर मी माझं बघीन."

"तुझ्यासाठीच ओरडायलोय, स्वरूप!" वरून कुणीतरी म्हणालं.

"नको ओरडू!"

त्याचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यानं बाहीनं पुसलं आणि तो परत बाकावर येऊन बसला. पायरीवर बरीच माणसं अजून उभीच होती.

"खाली बसा की रं," अंबुबाई मागून खेकसल्या. "मॅच दिसंना झालीया मला."

माणसं बसली. सगळ्यांना पटलं होतं असं नव्हे, काही जण तोंड पाडूनच बसले. पण पुन्हा हुर्यो झाली नाही. रुआतानं त्या विंगरला शेवटपर्यंत पुढं जाऊ दिलं नाही.

गोल आला तो दुसऱ्याच बाजूनं. कॉर्नरवर उंच चेंडू आला, झुंजारच्या तिघांनी एकमेकांवर सोडला आणि निपाणीच्या खेळाडूनं डोक्यानं आत ढकलला. बरोबरी. पेनल्टी घ्यायची वेळ आली. विनयनं मारली, रुआतानं लंगडत जाऊन मारली, दोन्ही आत गेल्या. शेवटची भरमाची होती. खासबाग ते पिरनवाडी ज्याच्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, असा तो एकटाच खेळाडू. त्याचा चेंडू बारवरून गेला.

निपाणीवाले नाचत मैदानात उतरले. झुंजारच्या पायऱ्यांवर शिव्या द्यायला तोंडं उघडली, पण कुणाला द्यायच्या तेच ठरेना.

धरणेंद्र अण्णा खाली उतरून आले. त्यांच्या गावचा संघ जिंकला होता, पण त्यांचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा दिसत होता.

"मी असतो तर डेन्झिलला खेळवला असता," ते मष्णूला म्हणाले. "आणि तो एक गोलबी झाला नसता."

"मी निवडलेली टीम हरली, अण्णा. उत्तर द्यायला मी जातो."

तो पायऱ्यांकडं गेला. स्वरूपला का घेतलं नाही, हे त्यानं सगळ्यांना सांगितलं, लपवाछपवी न करता. काहींनी ऐकलं, काहींनी मधेच उठून गाड्या काढल्या. भट्टीवरचा तो ओळखीचा आवाज पुढं येऊन म्हणाला, "दादा, तरीबी भाऊ हाय तुझा."

*

पुढच्या हंगामाआधी क्लबमध्ये काही गोष्टी बदलल्या. बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर आधी त्याला इथं बोलावून सरावात बघायचं, आणि तेव्हा समर्थकांपैकी दोघं हजर राहायचे, असं ठरलं. त्याआधी इथल्या पोरांची निवड चाचणी. ज्युनिअरच्या मॅचना आता माणसं जातात. फार नाहीत, पण अंबुबाई बाजार उशिरा लावून येतात. डेन्झिल परत गेला. रुआता राहिला. मष्णूला पुन्हा टीम निवडायला सांगितलं, तेव्हा त्यानं हात जोडले. कोच आणा, म्हणाला, आणि या वेळी त्याला सांभाळू.

स्वरूप आठवडाभरानं घरी परतला होता. नीलमशी बोलायचा, मष्णूशी कामापुरतं. सकाळी लवकर उठून एकटाच मैदानावर जायचा. काय करतोस, असं मष्णूनं विचारलं नाही. एक दिवस जेवताना तोच म्हणाला, "निपाणीवाल्यांनी बोलावलंय. मला पुढं खेळवून बघणार हायत, विंगवर."

निघायच्या दिवशी मष्णूनं त्याला मोटारसायकलवरून बसस्टँडला सोडलं. निपाणीची गाडी लागलीच होती. स्वरूपनं बॅग वर ठेवली आणि खिडकीशी बसला. मष्णू खाली उभा राहिला.

"त्यांचीबी पोरं असणार बाकावर," तो म्हणाला. "पहिल्यांदा जड जाईल तुला."

"म्हाईत हाय."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. स्वरूप खिडकीशी वाकला.

"मॅचला येणार काय, दादा?"

"तू म्हणालास तर येईन."

"ये. पण संपल्यावर कसा खेळलो ते खरं सांगायचं."

"सांगतो," मष्णू म्हणाला, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजावर हात ठेवून उभा राहिला.